ब्रेकच्या नळीतील हवा

तापी ज्या मुलताईच्या पठारावर उगम पावते, तेथून नागपूरकडे निघालेली आगगाडी चिचोंडा स्टेशन सोडते आणि तिगावपर्यंतचा घाट उतरू लागते. इटारसी-नागपूर लोहमार्ग विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पुरा झाला, तेव्हापासून पांढुर्णा-सौंसर भागाला हा घाट परिचित आहे. वर चढणाऱ्या जड मालगाडीला मागून रेटणारे जादा इंजिन सर्वांच्या नजरेत भरते. परंतु घाटाची खरी कसोटी चढणीत नसून उतरणीत असते.

१८६३ साली बोरघाट खुला झाला, तेव्हा सदतीस फुटांस एक फूट अशा उतारावर गाडीची भिस्त मुख्यतः हाताने आवळावयाच्या ब्रेकांवर होती. पुढे सर्व डब्यांतून एकच नळी नेण्याची युक्ती निघाली. मात्र ती नळी तुटली तर काय, या प्रश्नाचे उत्तर फार महाग पडले. आयर्लंडातील आर्मा येथे १२ जून १८८९ रोजी सहलीची एक गाडी चढावर अडली, म्हणून तिचे दोन तुकडे केले गेले. तिचा निर्वात ब्रेक नळी सुटताच निकामी होणाऱ्या जातीचा होता. मागचे डबे उताराने घसरत जाऊन दुसऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मेली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने उतारूंच्या गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

या ब्रेकची खुबी उलट्या बुद्धीची आहे. इंजिन नळीतील हवा शोषून घेते. पोकळी टिकते तोवर ब्रेक सैल. डबा सुटला की बाहेरची हवा आत घुसते, दट्ट्या उचलते आणि चाके आवळली जातात. भारतीय रेल्वेने हा ब्रेक दीर्घकाळ वापरला. नंतर दाबलेल्या हवेचा ब्रेक आला, तरी नळी फुटल्यास गाडी थांबावी हे तत्त्व कायम राहिले.

डोंगरी सायकलीच्या वाट्याला नेमका उलटा न्याय आला. १९७६ साली कॅलिफोर्नियातील एका डोंगरावर शर्यती सुरू झाल्या, तेव्हा मागच्या चाकाच्या तुंब्यातील ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई. फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले. १९९० नंतरच्या दशकात अशा सायकलींना मोटारीसारखा तेलाचा डिस्क ब्रेक मिळू लागला. बंदिस्त द्रवावरील दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हे पास्कालचे सतराव्या शतकातील तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. परंतु तेल दबत नाही, हवा दबते. नळीत एक बुडबुडा शिरला की बोटांचा जोर तो बुडबुडाच खाऊन टाकतो.

उतारावर हे जिवाशी येते. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर ३०० मीटर उतरताना जी शक्ती जिरवावी लागते, ती पाऊण लिटर पाणी उकळीस आणील. बराचसा उष्मा चकतीवर येतो. काही ब्रेकांतील द्रव हवेतील ओल शोषतो; तिची वाफ झाली की लिव्हर थेट दांडीला टेकते.

म्हणून हवा काढावी लागते. प्रथम चाक आणि पॅड काढून दट्ट्यांमध्ये ठोकळा बसवितात. लिव्हरवर तेलाचे नरसाळे लावतात आणि खालच्या कॅलिपरकडून पिचकारीने तेल वर सारतात. बुडबुड्याचा स्वभावच वर जाण्याचा, त्याला वाट करून द्यावयाची. नळीला टिचक्या मारल्या की चिकटलेले बुडबुडे सुटतात. तेल मात्र ब्रेक बनविणाऱ्याने सांगितलेलेच हवे. खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये मोटारीचे ब्रेक ऑईल गेले तर आतली रबरे फुगून वाया जातात. पॅडवर थेंबही पडू देऊ नये. चकती घासत असेल तर कॅलिपरचे दोन्ही स्क्रू सैल करून, लिव्हर दाबून धरून, ते पुन्हा आवळावे. मग सपाट रस्त्यावर चारदोन वेळा सायकल थांबवून पाहावी, आणि लिव्हर अजूनही मऊ लागली तर नरसाळे पुन्हा चढवावे.