विकतची पोळी : डोंबिवलीच्या इतिहासातील एक प्रकरण

मंडळाच्या स्मरणिकेसाठी आपल्या परिसराच्या इतिहासावर काही लिहावे, अशी चिटणीसांची सूचना आली. इतिहास म्हटला की कल्याणचे प्राचीन बंदर, १६५७ साली शिवछत्रपतींनी घेतलेले कल्याण, दुर्गाडीचा किल्ला हे विषय डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यांवर अधिकारी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर मुलांना पाढे व व्याकरण शिकविले. त्याचा अधिकार तेवढा नाही. म्हणून ज्या इतिहासाचा तो स्वतः साक्षी आहे, तो सांगावा असे योजिले आहे. हा इतिहास पोळीचा आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली व १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत गेली. ठाणे व कल्याण ही दोन्ही जुनी नावाजलेली शहरे. मधली डोंबिवली मात्र भातखाचरांचे खेडे. आगरी बांधवांच्या ज्या शेतांवर आज आपल्या इमारती उभ्या आहेत, त्यांची आठवण आपण क्वचितच काढतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर मुंबईत पागडीवाचून खोली मिळणे दुरापास्त झाले, आणि गिरगाव-दादरची कारकून मंडळी रुळांच्या कडेने उत्तरेकडे सरकू लागली. आमचे बिऱ्हाड १९६६ साली गिरगावातील चाळीतून येथे आले. दोन खोल्या, पुढे गॅलरी, मागे विहीर. रात्री बेडूक ओरडत. डोंबिवलीस औद्योगिक वसाहत झाली, कारखाने आले. तरी आपल्या समाजातील बहुतेकांची भाकरी मुंबईतच राहिली व झोप तेवढी येथे.

यामुळे गावाची बाजारपेठही निराळी घडली. गणेशमंदिर संस्थान १९२४ चे. परंतु बाजार देवळाभोवती न वाढता स्टेशनच्या पुलाच्या पायथ्याशी वाढला. दुकानदाराचे घड्याळ लोकलच्या वेळापत्रकावर चाले. दुपारी पेठ सुस्त, आणि सायंकाळी सहानंतर एकेक गाडी आली की गर्दीचा लोंढा फडके रस्त्यावर उतरे. पुरुषमाणसे पिशवी घेऊनच कचेरीस जात व येताना भाजी आणीत. (निवडून आणीत नसत, हे आमच्या मातोश्रींचे मत.) मोकळी पिशवी घेऊन परतलेला गृहस्थ त्या काळी बेजबाबदार समजला जाई.

शेजारच्या दोन्ही शहरांची खाण्याविषयीची कीर्ती आपणांस ठाऊक आहे. ठाण्यास मामलेदार कचेरीजवळची मिसळ, कल्याणास घराच्या खिडकीतून विकला जाई म्हणून ‘खिडकी वडा’ हे नाव पावलेला वडा. दोन्ही पदार्थ दाराबाहेर, उभ्याउभ्या खाण्याचे. डोंबिवलीची कीर्ती मात्र पोळी-भाजी केंद्रांची. म्हणजे विकत घ्यावयाचे, परंतु घरी नेऊन, ताटात वाढून, पाटावर किंवा टेबलाशी बसून खावयाचे अन्न. हा भेद लहान नाही.

येथे एक गोष्ट तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावी. कोकणातून आलेल्या आपल्या घरांत पोळी हे रोजचे अन्नच नव्हते. भात, आणि तांदळाची वा नाचणीची भाकरी. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले, तांदूळ मोजून मिळू लागला. पुढे १९५६ च्या करारान्वये अमेरिकेचा गहू आला. रेशनच्या पिशवीतून गहू आला म्हणून तो रोजच्या ताटात आला. भात शिजत लावून अन्य काम करता येते. पोळीचे तसे नाही. कणीक तिंबा, लाटा, भाजा. तव्यापासून हलता येत नाही. सहा माणसांच्या घरात दोन वेळच्या पोळ्यांना गृहिणीचे दीड-दोन तास जात, तेही वातीच्या स्टोव्हवर.

अशा घरातील सून नोकरीस लागली म्हणजे काय होई, हे आमच्या घरात आम्ही पाहिले. माझा विवाह १९८६ साली झाला. पत्नी मुंबईस कचेरीत जाई. पहाटे साडेचारला उठून ती पोळ्या लाटी, सातच्या आतली गाडी गाठी, येताना बायकांच्या डब्यात उभ्याने मटार सोली, आणि रात्री आठ वाजता पुन्हा पोळपाट घेई. मी शाळा आटोपून दुपारीच घरी येत असे व वर्तमानपत्र वाचीत असे. हे लिहिताना लाज वाटते, परंतु इतिहास लिहावयाचा तर तेही लिहिले पाहिजे.

आमच्याच इमारतीत आपल्या ज्ञातीतील एक भगिनी राहत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यात त्यांच्या यजमानांची नोकरी गेली आणि दोन वर्षांनी तेही गेले. पदरी दोन मुले. बाईंनी शेजारच्या नोकरदार बायकांच्या पोळ्या लाटून देण्यास आरंभ केला. मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणले व बँकेचे कर्ज मिळवून दिले, आमच्या या भगिनीच्या पाठीशी तसे कोणी नव्हते. उलट ‘आपल्यातील बाई लोकांच्या पोळ्या लाटते’ अशी कुजबुज झाली. ती करणाऱ्यांत मंडळाचे काही सभासदही होते.

१९८९ च्या पावसाळ्यात पत्नी तापाने पडली आणि मी प्रथमच त्यांच्याकडून पोळ्या आणल्या. मातोश्री दोन दिवस केवळ भात जेवल्या. तिसऱ्या दिवशी अर्धी पोळी घेतली आणि म्हणाल्या, “कणीक चांगली मळलीय. मीठ थोडं कमी आहे, सांग तिला.” मी सांगितले. पुढे त्या बाईंनी गाळा भाड्याने घेतला, हाताखाली आठ बायका ठेविल्या. त्यांत आगरी होत्या, मराठा होत्या, नवबौद्ध होत्या, घाटावरून आलेल्या होत्या. आमच्या आजीच्या काळी ‘कोणाच्या हातचे’ हा प्रश्न विचारल्यावाचून पाणीही घेतले जात नसे. केंद्रापुढे रांगेत उभा असलेला माणूस फक्त ‘गरम आहेत का’ एवढेच विचारी. कोणी ठराव केला नाही, व्याख्यान दिले नाही. सातची गाडी गाठावयाची होती, एवढेच.

अशी केंद्रे पुढे डोंबिवलीत गल्लोगल्ली झाली. पोळी-भाजीबरोबर चिरलेली भाजी, मोड आलेली कडधान्ये, खवलेला नारळ. गणेशचतुर्थीस उकडीचे मोदक, होळीस पुरणपोळी. पत्नी निवृत्त झाली ती पहाटे साडेसहाला उठण्याची सवय लावून घेऊन. त्या बाईंचे दोन्ही मुलगे शिकले. थोरला अभियंता झाला आणि त्याचे छायाचित्र याच स्मरणिकेत गुणगौरवाच्या पानावर छापून आले. खाली वडिलांचे नाव होते. आईचा व्यवसाय छापावयाची रीत नव्हती.

मंडळाच्या दप्तरात, माझ्या पाहण्यात आले तेवढ्यात, अशा भगिनींची एकही नोंद नाही. ज्या सभासदांच्या घरी आई, आजी वा आत्या यांनी खाणावळ, डबे, पोळी-भाजी केंद्र किंवा फराळाचा व्यवसाय केला असेल, त्यांनी त्यांचे पूर्ण नाव, व्यवसाय सुरू केल्याचे साल, जागा आणि उपलब्ध असल्यास छायाचित्र चिटणीसांकडे लेखी द्यावे. यादी लावून देण्याचे काम मी करीन. अक्षर सुवाच्य असावे.