वाढी, व्याज आणि पत : ठाणे-कल्याण परिसरातील ऋणव्यवहाराचा शोध

सातवाहनकाळी कल्याण हे पश्चिम किनाऱ्यावरील एक प्रमुख बंदर होते. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे आढळतात आणि काही लेखांत ‘अक्षयनीवी’ ह्या शाश्वत ठेवीचा निर्देश येतो. मुद्दलास हात लावावयाचा नाही, केवळ त्याच्या वाढीचा उपभोग घ्यावयाचा, हे तिचे स्वरूप. तिचा सविस्तर हिशेब मात्र नाशिकच्या पांडवलेण्यांत, क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात ह्याच्या लेखात मिळतो. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविले : २,००० दरमहा शेकडा एक ह्या दराने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण ह्या दराने. पहिल्या ठेवीचे वार्षिक उत्पन्न २४० होते. वर्षावासातील वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे असल्याने ही रक्कम नेमकी पुरते. ठेव दोन ठिकाणी विभागण्याचे कारण लेखात नाही. पण खर्चाचा आकडा आधी ठरवून त्यावरून मुद्दल योजिले असावे, असा तर्क करावयास हरकत नाही.

ह्या लेखात व्याजासाठी ‘वृद्धि’पासून निघालेला प्राकृत शब्द आहे. तोच मराठीत ‘वाढी’ ह्या रूपाने उरला. ‘व्याज’ ह्या शब्दाचा संस्कृतातील अर्थ मिष किंवा कपट असा असून मराठीने त्याला पैशाच्या वाढीचा अर्थ दिला. ‘कर्ज’ आणि ‘जामीन’ हे शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे आले. एवढ्यावरून सावकाराच्या कपटाची साक्ष भाषाच देते असे म्हणण्याचा मोह कित्येकांना होतो. तो आवरलेला बरा. व्युत्पत्ती ही शब्दाची वंशावळ होय, समाजाचा कबुलीजबाब नव्हे.

‘वाढीदिढी’ हा शब्द अधिक बोलका आहे. पावसाळ्याच्या तोंडी मणभर धान्य उचलावे आणि सुगीस दीड मण परत घालावे, असा हा व्यवहार. पाच-सहा महिन्यांस शेकडा पन्नास हा दर पाहून वाचक चकित होईल. तथापि सुगीस धान्य स्वस्त असते हेही ध्यानात घेतले पाहिजे. समजा, आषाढात मणाचा भाव दहा रुपये आणि मार्गशीर्षात आठ रुपये आहे. तर दीड मणाचे बारा रुपये होतात आणि पैशातील वाढ शेकडा वीसच भरते. सावकाराच्या वहीत हा हिशेब बरोबर ठरेल. कुळाच्या कणगीत तो बरोबर ठरत नाही, कारण कूळ धान्य विकीत नव्हते, खात होते. अर्धा मण अधिक गेला म्हणजे पुढील आषाढात तितकेच अधिक उचलणे भाग पडे.

तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात ह्या चक्राचे शेवटचे टोक ‘लग्नगडी’ ह्या शब्दात दिसते. लग्नासाठी जमीनदाराकडून रक्कम घेतलेला वारली तरुण ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबे, आणि पुष्कळदा ती फिटतच नसे. जमीन नव्हती, दागिना नव्हता; तेव्हा तारण देह हेच. १९३० नंतरच्या दशकात सिमिंग्टन ह्या अधिकाऱ्याने सरकारास सादर केलेल्या अहवालात ह्या वेठीची नोंद झाली. १९४५ मध्ये किसान सभेच्या वतीने शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांनी उभारलेल्या लढ्यात लग्नगड्यांची मुक्ती ही प्रमुख मागणी होती. (त्या वेळच्या तालुक्यांपैकी उंबरगाव १९६० पासून गुजरातेत आहे, डहाणू २०१४ पासून पालघर जिल्ह्यात.)

१९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने तारणाचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. ग्रामीण संस्थेत चार-पंचमांश सभासद शेतकरी असावेत आणि सर्वांची जबाबदारी सामान्यतः अमर्यादित असावी, असे त्याचे सूत्र होते. नागरी संस्थेस मर्यादित जबाबदारीची मुभा होती. त्यापूर्वीच १८८९ मध्ये बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर ह्यांनी, कायद्याचा आधार नसताना, अन्योन्य सहकारी मंडळी स्थापिली होती. ग्रामीण प्रयोगाचे यश मर्यादितच राहिले. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या कर्जातील सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३.१ भरला, सावकारांचा सत्तरीच्या घरात होता.

शहरी नोकरदाराची गोष्ट वेगळी. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आणि पुढल्या वर्षी कल्याणपर्यंत आलेल्या लोहमार्गाने कालांतराने असा एक वर्ग वसविला की ज्याच्याजवळ शेत नव्हते, पण महिन्याच्या ठराविक तारखेस येणारा पगार होता. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील कलम ४९ ने, सभासदाने तसा करार लिहून दिल्यास, मालकाने वेतनातून हप्ता कापून संस्थेकडे भरावा अशी तरतूद केली. येथे तारण म्हणजे भावी मिळकत, आणि जोडीला जामिनाची सही. ‘पत’ ह्या शब्दात अब्रू व उधारी मिळण्याची पात्रता हे दोन्ही अर्थ नांदतात. सहकाऱ्याच्या अर्जावर जामीन म्हणून सही करणारा कारकून दोन्हींची जोखीम पत्करीत असे.

भिशीत तर कागदही नसे. बारा जणींनी दरमहा पन्नास रुपये घातल्यास प्रत्येकीस एकदा सहाशे मिळतात. पहिल्या महिन्यात ज्या बाईची चिठ्ठी निघते तिला बिनव्याजी कर्ज मिळते. शेवटची बाई बिनव्याजी ठेव ठेविते. शेवटचीचा तोटा उघड असूनही प्रथा टिकली, कारण घरात हाताशी राहिलेली रक्कम खर्चून जाते, हे तिला हिशेबापेक्षा अधिक ठाऊक असे.

१९६२ मध्ये ठाण्यास वागळे औद्योगिक वसाहत आली, पाठोपाठ डोंबिवलीतही कारखाने उभे राहिले. नंतर अल्पावधीत डोंबिवली नागरी सहकारी बँक (१९७०), ठाणे जनता सहकारी बँक (१९७२) आणि कल्याण जनता सहकारी बँक (१९७३) स्थापन झाल्या. बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांस १ मार्च १९६६ पासून लागू झाला होता, आणि १९७१ पासून त्यांच्या ठेवींस विम्याचे संरक्षण मिळू लागले. हा क्रम महत्त्वाचा आहे : कर्जदाराची पत तपासणारी यंत्रणा आधी उभी राहिली, ठेवीदाराने बँकेची पत कशी तपासावी हा प्रश्न मागाहून आला. ज्या ठेवीदाराने शेजाऱ्याच्या ओळखीवर खाते उघडिले, त्याला ताळेबंद वाचण्याची सवय नव्हती. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा प्रारंभी खातेदारास सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. बँकेच्या कर्जाचा फार मोठा भाग एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गुंतला होता. विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाख रुपये होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. ही मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व खात्यांना मिळून, व्याजासह, लागू होते. उषवदाताने ठेव दोन श्रेणींत विभागली होती, हे येथे पुन्हा आठवते.