व्हर्जिनिया, पेरिक आणि नाव कुणाचं?

पाइप ओढणाऱ्यांत व्हर्जिनिया-पेरिक मिश्रणाचं फार कौतुक. मीही दोन्ही ओढून पाहिलंय. नुसती व्हर्जिनिया गोडसर, वाळल्या गवताच्या वासाची. पण घाई केली की जीभ भाजते. त्यात थोडं पेरिक पडलं की आलुबुखाराचा आंबूसपणा आणि मिऱ्याचा ठसका येतो. आमटीतल्या आमसुलासारखं, बेतानंच हवं.

आता इतिहास बघा. पेरिक पिकतं अमेरिकेत, लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात. पानं वाळवायची, शिरा काढायच्या, जुड्या करून व्हिस्कीच्या पिंपात जॅकखाली दाबायच्या. अधूनमधून काढून उलटायच्या, परत दाबायच्या. वर्षभर पान स्वतःच्याच रसात आंबतं. ही दाबायची रीत मूळची चोक्टॉ आदिवासींची, असं सांगतात. 1824 च्या सुमारास पिएर शने या शेतकऱ्यानं तिचा धंदा केला. नाव त्याचं झालं.

व्हर्जिनियाच्या पिवळ्या पानाचीही तीच गत. 1839 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात स्टीफन नावाच्या गुलामाला भट्टीपाशी डुलकी लागली, अशी कथा आहे. जागा झाल्यावर विझत्या आगीवर त्यानं कोळसा टाकला, एकदम उष्णता वाढली, पानं पिवळीधमक झाली. चढा भाव मिळाला तो मालक अबिशा स्लेडला.

तंबाखू घातकच, ओढा असं मी म्हणत नाही. पण मंडळी, डब्यावर कंपनीचं नाव असतं, हाताचं नसतं. आपल्याकडच्या बियाण्याला, मसाल्याला, विणकामाला पहिला हात कुणाचा लागला, हे आपण तरी कधी विचारलंय का?