उंचीचा हिशेब

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मामांच्या गावी गेलो होतो. कोयनेच्या खोऱ्यातले हे गाव. डोंगराच्या उतारावर टेकलेले, आणि मोठ्या रस्त्यापासून एका ओढ्याने तोडलेले. मामा आता नाहीत. त्यांची जीप मात्र गोठ्यामागच्या पत्र्याच्या छपरात अजून उभी आहे. मामेभावाच्या मुलाने ती पुन्हा चालती करायला घेतली आहे. चाके काढलेली, चारी बाजूंना लाकडी ओंडके लावलेले, आणि हा पोरगा खाली आडवा पडून तारेच्या ब्रशने एक्सलवरचा गंज खरवडत होता. खालूनच त्याने हाक मारली, "काका, जरा इकडे या. इथे कुणीतरी काहीतरी जोडून मग कापून टाकलंय."

मी वाकून पाहिले. एक्सलच्या नळीवर, वरच्या अंगाला, वेल्डिंगचे दोन ओबडधोबड वण होते. पुढच्या एक्सलवर दोन, मागच्यावर दोन. ते वण मी ओळखले. ते पडले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि कंदील धरून शेजारी उभा होतो.

"ते आजोबांनी केलेलं," मी म्हणालो.

"मग कापलं कुणी?"

"तेही आजोबांनीच."

पोरगा बाहेर सरकला. त्याच्या मनात गाडी पाच इंच उंच करायची होती. तसा बेत त्याने वहीत काढूनही ठेवला होता. आजोबांनी तेच केले आणि मग स्वतःच पुसले, हे ऐकल्यावर तो थोडा गप्प झाला. यंत्रशास्त्राशी माझा संबंध कंदील धरण्यापुरताच. पण इतिहास शिकवण्याची सवय जात नाही. मी त्याला जे सांगितले, तेच इथे थोडे नीट लावून लिहितो आहे.

चारही चाकांना जोर देणारी गाडी बनवण्यातली खरी अडचण पुढच्या चाकांची असते. मागच्या चाकांना नुसते फिरायचे असते. पुढच्यांना फिरायचेही असते आणि वळायचेही. वळलेल्या चाकाला जोर पोहोचवायचा कसा? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात क्लिंटनव्हिल नावाचे लहान गाव आहे. तिथे ऑटो झॅकाव आणि विल्यम बेसरडिच या मेहुण्या-मेहुण्यांचे लोहारकामाचे व यंत्रदुरुस्तीचे दुकान होते. वळत्या चाकाला जोर देणारा सांधा त्यांनी त्या दुकानात घडवला आणि १९०८ साली त्याचे पेटंट घेतले. त्यातून पुढे 'एफडब्ल्यूडी' ही कंपनी उभी राहिली आणि पहिल्या महायुद्धात तिचे ट्रक हजारोंच्या संख्येने चिखलातून तोफा-दारूगोळा ओढत गेले. कंपनीचा इतिहास छापला जातो, पण तिची मुळे एका गावच्या भात्यापाशी आहेत, हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जुलै १९४० मध्ये, अमेरिकी सैन्याने १३५ कारखानदारांना पत्रे धाडली: चारही चाकांवर चालणारी हलकी गाडी हवी, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने ते आव्हान घेतले. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने दोन-तीन दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी नमुना मेरीलँडच्या होलाबर्ड तळावर हजर झाला. पुढे मोठे काम विलीज आणि फोर्ड यांना मिळाले. युद्ध संपेपर्यंत साडेसहा लाखांच्या आसपास जीपा तयार झाल्या. बँटमच्या वाट्याला त्यातल्या जेमतेम अडीच-पावणेतीन हजार आल्या. दैव असे की, जीप जन्माला घालणारीचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक असते.

युद्ध संपले आणि या गाड्यांचा खरा संसार सुरू झाला. शेतकऱ्यांनी, खाणवाल्यांनी, लाकूडतोड्यांनी शिलकी जीपा नि ट्रक घेतले आणि आपापल्या गरजेनुसार त्यांची मोडतोड सुरू केली. सिअ‍ॅटलकडे आर्थर वॉर्न याने १९४८ साली पुढच्या चाकांसाठी एक लहानशी युक्ती विकायला काढली. साध्या रस्त्यावर पुढच्या चाकांचा यंत्राशी संबंध तोडायचा आणि चिखल आला की पुन्हा जोडायचा. मिनियापोलिसच्या 'नॅप्को' कंपनीने साध्या शेवरले आणि जीएमसी पिकअप ट्रकांना चारचाकी जोर देण्याचा संचच विकायला आणला. डॉजने १९४६ पासून आपला सैनिकी ट्रक 'पॉवर वॅगन' या नावाने शेतकऱ्यांना विकला. फिलिपाइन्समध्ये अमेरिकी सैन्याने मागे टाकलेल्या जीपा लोकांनी लांबवल्या, बाके घातली, रंगवल्या. तीच तिथली जीपनी. जिथे गर्दी होती तिथे गाडी लांब झाली. जिथे खडक होता तिथे ती उंच झाली. दोन्हीकडे ते काम बहुधा कुणाच्या तरी अंगणातच झाले.

आपल्याकडे जीप मुंबईच्या वाटेने आली. महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीच्या नावातल्या दुसऱ्या शब्दाच्या जागी पुन्हा 'महिंद्र' बसले. त्या दशकाच्या अखेरीस माझगावला विलीजचे सुटे भाग जोडून जीपा तयार होऊ लागल्या. पुढे जी उंच बॉनेटची 'सीजे-३बी' आली, तीच आपल्या पिढीची जीप. तिचे बॉनेट उंच, कारण आतले नवे इंजिनच जुन्यापेक्षा उंच होते. जंगलखाते, पाटबंधारे, पोलीस, निवडणुकीचा प्रचार, वरात, कुठे ती नव्हती? सरकारी खात्यांतून म्हातारी झालेली अशीच एक जीप मामांनी लिलावात घेतली आणि घरी आणून सगळी खोलली.

त्यांना ती हौसेसाठी नको होती. आदल्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी होते म्हणून गावातल्या एका बाळंतिणीला वेळेवर पलीकडे नेता आले नव्हते. त्या घरातला पाळणा रिकामा राहिला. मामा त्याविषयी कधी बोलत नसत. पण गाडी उंच का करायची, असे कुणी विचारले की ते ओढ्याकडे बोट दाखवत.

गाडी उंच करण्याचे मार्ग तसे मोजके. सर्वांत स्वस्त म्हणजे सांगाडा आणि वरची बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालणे. त्याने मडगार्डाखाली जागा होते, बाकी सगळे जिथल्या तिथे. दुसरा मार्ग जास्त कमानीचे नवे पाटे बसवण्याचा. तिसरा मामांनी धरला. या जीपमध्ये पाटे एक्सलच्या खालून गेलेले असतात. एक्सलच्या वरच्या अंगाला नव्या बैठका वेल्डिंगने जोडायच्या आणि पाटे तिथे बसवायचे, की गाडीचा सांगाडा एका झटक्यात पाचेक इंच वर येतो. एवढ्या थोड्या सामानात एवढी उंची दुसऱ्या रीतीने मिळत नाही. त्या रात्रीचे निळे वेल्डिंग मला अजून आठवते.

पहिल्याच फेरीत ओढ्यातल्या दगडाला गाडी खालून आपटली. आम्ही सगळे चकित. इतकी उंच केली तरी? तेव्हा मामांना कळले, आणि त्यांनी मला वाळूत काडीने आकृती काढून समजावले, की गाडीचा सर्वांत खालचा भाग म्हणजे दोन चाकांच्या दरम्यान असलेली डिफरन्शियलची लोखंडी पेटी. मामा तिला 'गोळा' म्हणत. पाटे कुठेही बसवा, ठोकळे कितीही घाला, गोळा तिथेच राहतो. तो वर येतो फक्त मोठ्या टायरने. पाट्यांची उंची ही मोठ्या टायरला जागा करून देण्यापुरती. पाणी इंजिनापर्यंत चढू नये यासाठी तिचा उपयोग होता, तेवढा झाला.

मग मोठे टायर आले. इथून उंचीने आपला हिशेब मागायला सुरुवात केली. २८ इंच व्यासाच्या टायरच्या जागी ३२ इंचांचा घातला तर गोळा वर येतो फक्त दोन इंच, कारण व्यासाचा निम्माच भाग एक्सलखाली असतो. पण चाकाचा घेर सातव्या हिश्श्याने वाढतो. इंजिनाचा चाकावरचा जोर त्याच प्रमाणात कमी पडतो, ब्रेकवर भार येतो, आणि वेगाचा काटा ७० दाखवतो तेव्हा गाडी ८० ने धावत असते. सांगाडा वर गेल्याने मागचा आखूड शाफ्ट तिरपा होतो आणि त्याचे सांधे लवकर झिजतात. पाटे वर आल्याने जोर लावताना एक्सल पिळला जाऊन पाटे वाकतात. स्टेअरिंगचा दांडा तिरपा झाला, की खड्ड्यात चाक उचलताच गाडी आपणहून एका अंगाला झुकते. ब्रेकचे रबरी पाइप अपुरे पडतात. एक इंच वर, की पाच ठिकाणी खाली उत्तर द्यायचे.

हा हिशेब टोकाला गेला तर काय होते, त्याचेही उदाहरण अमेरिकेत आहे. मिसुरी राज्यातल्या बॉब चँडलर याचे चारचाकी गाड्यांचे दुकान होते. त्याने आपला १९७४ चा फोर्ड पिकअप ट्रक उंच करायला घेतला. मोठे टायर घातले की एक्सल मोडे. म्हणून सैनिकी ट्रकचे एक्सल आणले. ते पेलतात म्हणून आणखी मोठे टायर, ४८ इंची आणि पुढे ६६ इंची. १९८१ साली त्याने एका शेतात दोन जुन्या मोटारींवरून तो ट्रक नेला आणि 'बिगफूट' जगप्रसिद्ध झाला. तो तमाशा म्हणून थोर आहे. पण त्या ट्रकमधून आता कुणी दळण आणायला जात नाही.

मामांची जीप त्या वाटेला गेली नाही. तिला दुसरीच गोष्ट आडवी आली. तोल. गाडी वळणावर किंवा आडव्या उतारावर किती टिकेल, हे दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गाडीच्या वजनाच्या मध्याच्या उंचीने भागून कळते. या जीपच्या चाकांमधले अंतर जेमतेम चार फूट, म्हणजे निम्मे २४ इंच. समजा वजनाचा मध्यही २४ इंचांवर आहे, तर भागाकार एक. तो मध्य चार इंच वर नेला, की भागाकाराचा सातवा हिस्सा गेला. वहीत हे लहान दिसते. रस्त्यावर ते एकदम कळते.

त्या पावसाळ्यात जीपने ओढ्याच्या पाण्यातून दोन आजारी माणसे आणि एक बाळंतीण सुखरूप पलीकडे नेली. नंतर गणपतीच्या दिवसांत, ओढा ओलांडून वर येताना, एका आडव्या वळणावर तिची डोंगराकडची दोन चाके उचलली गेली. दरीच्या अंगाला मातीचा बांध होता म्हणून ती त्यावर टेकली, उलटली नाही. मागे मी होतो आणि शेजारचे एक गृहस्थ होते. मला खरचटले. त्यांचा हात कोपरापाशी मोडला आणि पुढे कधी पुरता सरळ झाला नाही. ते मामांना एक शब्द बोलले नाहीत, आणि मला वाटते, तेच मामांना जास्त लागले.

दसऱ्याच्या आधी मामांनी जीप पुन्हा खोलली. वेल्डिंगने जोडलेल्या बैठका छिन्नीने तोडल्या, पाटे जुन्या जागी खाली घातले, टायर काढून विकले. मी म्हटले, "मामा, आता ओढ्यातून कशी जाणार?" ते म्हणाले, "अरे, ओढ्याचं काम गाडीकडून करून घेत होतो. ते ओढ्यापाशीच करायला हवं." पुढची पाच वर्षे ते पंचायतीपासून तालुक्यापर्यंत अर्ज करत राहिले. १९९६ साली ओढ्यावर फरशी पडली.

आज कायदाही या बाबतीत कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली, कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. काही तरुणांना तो जाचक वाटतो, आणि मला त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटत नाही. झॅकावच्या दुकानावर असा नियम असता तर जीप कुठून आली असती? पण रस्त्यावर गाडीच्या मालकाबरोबर मागे बसलेला शेजारीही असतो. त्याने उंचीचा आराखडा पाहिलेला नसतो, आणि हिशेब चुकला तर भरतो तो.

हे सगळे मी त्या पोराला सांगितले. उंच करू नकोस असे मात्र सांगितले नाही. त्याने वही उघडून पाहिली, बंद केली, आणि परत जीपखाली गेला.

गेल्या महिन्यात त्याचे पत्र आले. पाटे नवे घातले आहेत, जुन्याच जागी, जुन्याच उंचीचे. ब्रेक पूर्ण नवे केले. एक्सल घासून रंगवला. शेवटी त्याने लिहिले होते: "काका, ते वण मी घासून सपाट केले नाहीत. त्यांच्यावरूनच रंग दिला आहे. पुढे कुणी गाडी खोलली तर विचारील."