नाणेघाट ते खोडद : मितींचा हिशेब

‘हायपरस्पेस’ म्हटले की विज्ञानकथेतले यान आठवते. प्रकाशाच्या वेगाची मर्यादा चुकवण्यासाठी लेखकांनी काढलेली ही आडवाट. अमेरिकी लेखक जॉन कॅम्पबेल यांनी ती १९३१ मध्येच वापरली. शब्द मात्र गणितातला, आणि तिथे त्यात प्रवास नाही.

गणितात मिती म्हणजे एकमेकांवर अवलंबून नसलेले माप. तीन मापांनी खोलीतला बिंदू ठरतो. मापे दहा असतील तर बिंदू दहा मितींचा. केली (१८४३), ग्रासमान (१८४४) आणि रीमान (१८५४) यांनी हा विचार उभा केला. पुढे लाइपझिगचे खगोलशास्त्रज्ञ त्सोल्नर यांनी चौथ्या मितीत प्रेतात्मे बसवले. मोजणी सोडून मितीला ‘जागा’ मानले, की असे होते.

मोजणीचे दोन मोठे दाखले जुन्नर तालुक्यात आहेत. नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेतल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे ब्राह्मी अंकांत वेगवेगळी नोंदली आहेत. कोरणाऱ्याच्या मनात भूमिती नव्हती. तरी आजचा गणिती अशा यादीला बहुमितीय अवकाशातला बिंदू म्हणेल.

दुसरा दाखला खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. एका क्षणाचे ३० संकेत म्हणजे ३० मितींतला एक बिंदू. अँटेनांच्या ४३५ जोड्यांचे संकेत ताडून संगणक आकाशाचे चित्र घडवतो.

मराठी विज्ञानकथेनेही हे गणित सोडले नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवलेली, पहिली आलेली कथा होती ‘कृष्णविवर’. कृष्णविवराची कल्पना सापेक्षतेच्या ज्या सिद्धान्तावर उभी, त्याची भूमिती रीमानची.

आज संगणक शब्द, चेहरे, कर्जदार यांच्याही अशाच याद्या करतो आणि त्यांतली अंतरे मोजतो. इथे नाणेघाटाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो : एक घोडा किती गायींबरोबर धरायचा? गणित अंतर काढून देते. हे प्रमाण मात्र माणूस ठरवतो. कर्ज कोणाला नाकारले जाईल, हे त्या प्रमाणावरही ठरते. म्हणून ते कोणी ठरवले, हे विचारण्याचा हक्क यादीतल्या प्रत्येकाला हवा.