गाळलेल्या पोथ्यांची साक्ष

दरवर्षी 8 सप्टेंबरला बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या सेंट मेरी बॅसिलिकासमोर पाय ठेवायला जागा उरत नाही. नऊ दिवसांच्या प्रार्थना संपून त्या दिवशी मरियेचा जन्मोत्सव साजरा होतो. भगव्या साड्या नेसलेल्या बायका असतात, रथाची मिरवणूक असते, आणि ख्रिस्ती नसलेली माणसेही त्या गर्दीत मोठ्या संख्येने असतात. नव्या कराराची पाने उलटली तर या सणाला तिथे कुठेच आधार सापडत नाही. मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारही शुभवर्तमानांत मरियेच्या जन्माविषयी एक ओळ नाही आणि तिच्या आईवडिलांची नावेही नाहीत. योआकीम आणि आन्ना हे मूलबाळ नसलेले वयस्कर जोडपे, त्यांना झालेला देवदूताचा दृष्टांत, उतारवयात झालेली मुलगी, ही सारी कथा येते ती याकोबाच्या नावावर असलेल्या दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथातून. पश्चिमेकडच्या चर्चने साधारण सहाव्या शतकात स्वीकार्य आणि त्याज्य पुस्तकांची जी यादी प्रचारात आणली, तीत या ग्रंथाची गणना त्याज्य पुस्तकांत झाली. ग्रंथ बाहेर गेला, सण मात्र टिकला. अशा प्रमाणबाह्य ग्रंथांकडे, म्हणजे अपॉक्रिफाकडे, ‘यात लिहिलेले खरोखर घडले का’ एवढाच प्रश्न घेऊन जाणारा अभ्यासक रिकाम्या हाताने परततो असे माझे मत आहे. हे ग्रंथ कुणी रचले, कुणी जपले, कुणी गायले आणि कुणी जाळले हे विचारले की ते बोलू लागतात. या म्हणण्याला लागणारा बराचसा पुरावा गेल्या साठ वर्षांत बेंगळुरूतच छापला गेला आहे.

हे शहर ख्रिस्ती इतिहासलेखनाचे केंद्र व्हावे याला कारणे आहेत. प्रोटेस्टंट पंथांचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज इथे 1910 पासून आहे. केरळातल्या सिरियन कॅथलिकांच्या सीएमआय संघाने आपले धर्मशिक्षणाचे केंद्र 1957 मध्ये धर्माराम या नावाने बेंगळुरूला आणले. मल्लेश्वरमला सेंट पीटर्स सेमिनरी आहे. एरवी एकमेकांकडे पाठ करून बसणारे हे पंथ चर्च हिस्टरी असोसिएशन ऑफ इंडियाच्या कामात एका टेबलाभोवती आले, आणि भारतातल्या ख्रिस्ती धर्माचा अनेक खंडांचा इतिहास सर्वांनी मिळून लिहायचा असे ठरले. मिशनऱ्यांच्या पराक्रमाची गाथा न लिहिता इथल्या लोकांचा, त्यांच्या प्रदेशांचा आणि समाजाचा इतिहास लिहायचा ही त्यामागची प्रतिज्ञा होती. धर्माराममध्ये अध्यापन करणारे ए. मथायस मुंडाडन यांनी लिहिलेला पहिला खंड 1984 मध्ये बेंगळुरूहून निघाला. त्याआधी 1970 मध्ये धर्माराम कॉलेजने त्यांचे संत थोमाच्या ख्रिस्ती समाजाच्या सोळाव्या शतकातल्या परंपरांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले होते. माझ्या मते त्या खंडापेक्षाही हे छोटे पुस्तक अधिक मोलाचे आहे. ते का, हे सांगण्याआधी थोमा हिंदुस्थानात आला का हा सारा वाद ज्या ग्रंथाभोवती फिरतो त्याची ओळख करून घ्यायला हवी.

‘थोमाची कृत्ये’ हा ग्रंथ तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात एडेसा शहराच्या परिसरात, बहुधा सिरियाक भाषेत रचला गेला. हे एडेसा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले उर्फा. ग्रंथात येशूचे शिष्य जगाची वाटणी चिठ्ठ्या टाकून करतात आणि थोमाच्या वाट्याला हिंदुस्थान येतो. तो जायला तयार नसतो. तेव्हा येशू स्वतःच त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकतो, कारण गुंदाफर राजाला सुतारकाम जाणणारा कारागीर हवा असतो. राजा महाल बांधायला पैसे देतो, थोमा ते गोरगरिबांत वाटून टाकतो. राजा संतापून त्याला तुरुंगात घालतो. तेवढ्यात राजाचा भाऊ गाद मरतो, त्याला स्वर्गात थोमाने बांधलेला महाल दिसतो, आणि परत जिवंत होऊन तो ही हकीकत भावाला सांगतो. पुढच्या भागात थोमा मज्दाई नावाच्या दुसऱ्या राजाच्या राज्यात जातो. तिथल्या थोर घराण्यातल्या बायका त्याचा उपदेश ऐकून नवऱ्यांपासून दूर राहू लागतात, आणि शेवटी चार सैनिक त्याला भाल्यांनी भोसकून मारतात. ब्रिटिश म्युझियममधल्या, 936 मध्ये नकललेल्या एका पोथीवरून विल्यम राइट यांनी 1871 मध्ये याचा सिरियाक पाठ इंग्रजी भाषांतरासह छापला, आणि तेव्हापासून अभ्यासकांना हा मजकूर सहज उपलब्ध झाला.

तो लक्ष देऊन वाचला की ग्रंथकाराला हिंदुस्थानाची काहीच प्रत्यक्ष माहिती नव्हती हे उघड होते. यात पाऊस नाही, भातशेती नाही, जात नाही, देऊळ नाही, ब्राह्मण किंवा बौद्ध भिक्षूही नाही. मज्दाई हे नाव इराणी वळणाचे आहे. ज्या उमराव स्त्रीभोवती उत्तरार्ध फिरतो ती मिग्दोनिया, आणि मिग्दोनिया हे तर एडेसाच्या पूर्वेला असलेल्या निसिबिसच्या आसपासच्या प्रदेशाचे नाव. शरीरसंबंधाचा त्याग केल्याशिवाय मोक्ष नाही ही या ग्रंथाची शिकवणही सिरियातल्या तत्कालीन विरक्त पंथांची होती. सगळा नाट्यप्रयोग घरच्या ओसरीवर रचलेला आहे, पडद्यावर मात्र हिंदुस्थान रंगवलेला आहे. आणि तरीही त्या पडद्यावरचे एक नाव खरे निघाले. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स मॅसन व इतर संग्राहकांना अफगाणिस्तान आणि पंजाबात गोंडोफरेस नावाच्या राजाची नाणी मिळू लागली. पेशावरजवळच्या तख्त-इ-बाहीच्या शिलालेखात त्याच्या राज्याचे 26वे वर्ष आणि कुठल्याशा संवताचे 103वे वर्ष एकत्र सापडले. तो संवत इसवी सनापूर्वी 57 मध्ये सुरू झालेला धरला तर हा राजा इ. स. 46 च्या सुमारास गादीवर होता असे ठरते, म्हणजे थेट थोमाचा समकालीन. मुंबई प्रांताच्या सेवेत राहून कानडी शिलालेखांवर आयुष्य वेचणाऱ्या जे. एफ. फ्लीट यांनीही 1905 मध्ये या जुळणीवर लेख लिहिला.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो. इतिहास ज्याला पार विसरला होता अशा राजाचे नाव ज्या ग्रंथाने सोळाशे वर्षे जपले, त्याला दंतकथा कसे म्हणायचे? आक्षेप वजनदार आहे आणि श्रद्धाळू अभ्यासकांनी तो पुनःपुन्हा मांडला आहे. पण नाव खरे असले म्हणून भेटही खरी ठरत नाही. गोंडोफरेसनंतर दीडदोनशे वर्षांनी एडेसातल्या एका लेखकाला त्याचे नाव माहीत होते, एवढेच यातून निश्चित सिद्ध होते. नाण्यांच्या पुढच्या अभ्यासाने तर गोंडोफरेस हे नाव एकाहून अधिक राजांनी धारण केले असावे आणि पहिला त्यांच्यापैकी आणखी आधीचा असावा, असाही पक्ष मांडला आहे. पण एका पार्थियन राजाची आठवण एडेसापर्यंत पोहोचली कशी हा प्रश्न उरतोच, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. कथेतच त्याचे उत्तर आहे. थोमा येतो तो व्यापाऱ्याबरोबर, समुद्रमार्गे. इराणच्या आखातातून सिंधूच्या मुखाकडे जाणाऱ्या गलबतांवरच्या लोकांच्या गप्पांतून हे नाव एडेसाला गेले असावे. चौथ्या शतकात सिरियाक कवी एफ्रेमच्या स्तोत्रांत थोमाच्या अस्थी हिंदुस्थानातून एडेसाला आणणाराही व्यापारीच आहे. थोमा आला की नाही हे हा ग्रंथ सांगू शकत नाही. तिसऱ्या शतकातला एडेसाचा व्यापार कुठवर पोहोचला होता हे मात्र तो दुसऱ्या कुठल्याही कागदापेक्षा ठसठशीत सांगतो.

आता मुंडाडन यांच्या पुस्तकाकडे. पोर्तुगीज केरळात उतरले तेव्हा त्यांना तिथे आपणहून थोमाचे वारस म्हणवणारा समाज भेटला. पुढच्या दशकांत पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी, पाद्र्यांनी आणि प्रवाशांनी या समाजाच्या आठवणी टिपल्या, थोमाची म्हणून मानल्या जाणाऱ्या मैलापूरच्या समाधीविषयी साक्षी घेतल्या. मुंडाडन यांनी हे सगळे कागद गोळा केले आणि कुणी, कधी, कुठे, काय सांगितले याचा ताळा मांडला. त्यांचा स्वतःचा कल परंपरा मान्य करण्याकडे होता. पाश्चात्त्य ग्रंथ आणि भारतीय आठवण एकत्र धरली तर थोमाच्या दक्षिण भारतातल्या कार्याला पुरेसा आधार मिळतो असे ते मानत. या निष्कर्षाशी मी सहमत नाही, कारण तिसऱ्या आणि सोळाव्या शतकांतल्या साक्षी एकत्र केल्याने पहिल्या शतकाची साक्ष तयार होत नाही. पण त्यांनी मांडलेला पुरावा त्या निष्कर्षापेक्षा फार मोठा आहे. केरळातल्या मार्गंकळीच्या गाण्यांत महालाची कथा जवळपास तशीच येते: राजा, व्यापारी, वाटून टाकलेले पैसे, राजाच्या भावाचा मृत्यू. फक्त राजा आता चोळ आहे आणि जागा आहे मैलापूर. गंधारचा पार्थियन राजा पुसला गेला आणि ज्या दरबाराची माहिती श्रोत्यांना होती तो दरबार त्याच्या जागी आला.

यावर दुसरा आक्षेप असा की ही गाणी ग्रंथावरूनच बेतलेली, म्हणून इतिहासकाराला त्यांचे काय काम? जे. एन. फार्कर 1926 आणि 1927 मध्ये उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानातल्या थोमावर लिहीत होते, त्याच्या आधीपासून हा वाद चालू आहे. गाण्यांतला महालाचा भाग सिरियाक ग्रंथातूनच, बहुधा पूजाविधीच्या वाचनांतून आला असणार हे मला मान्य आहे. पण मृत्यूच्या कथेचे काय? तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने कोरोमंडल किनाऱ्यावर ऐकले की थोमा रानात प्रार्थना करत असताना मोर मारायला आलेल्या एका शिकाऱ्याचा बाण चुकून त्याला लागला. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझानेही मोरांचीच कथा नोंदवली. ‘थोमाच्या कृत्यां’त मोर नाहीत, शिकारी नाही, अपघात नाही, तिथे राजाज्ञेने केलेला वध आहे. म्हणजे स्थानिक लोकांजवळ स्वतःची कथा होती आणि ती ग्रंथाला न जुमानता सांगितली जात होती. तीतही पहिले शतक शोधू नये. एका दर्ग्यासारख्या, सर्व धर्मांचे लोक येणाऱ्या समाधीभोवती तमिळ किनाऱ्यावर कथा कशा वाढल्या, हे मात्र तीत दिसते.

सोळाव्या शतकाच्या शेवटी या पोथ्यांवर संकट आले ते आपल्या अगदी जवळून, गोव्याहून. गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांनी जून 1599 मध्ये कोचीनजवळ उदयंपेरूरला धर्मसभा भरवली आणि सिरियन ख्रिस्ती समाजाला रोमच्या शिस्तीत आणले. त्या सभेच्या एका ठरावात जप्त करून नष्ट करायच्या पुस्तकांची यादी आहे, आणि तीत ‘तारणाऱ्याचे बालपण’ किंवा ‘आमच्या मातेचा इतिहास’ या नावाचे पुस्तक येते. योसेफाला आधीच्या बायकोपासून मुले होती, बाळ येशू खोड्या करी आणि त्याबद्दल बोलणी खाई, असे त्यात लिहिले आहे म्हणून ठराव त्याची निर्भर्त्सना करतो. वर्णन इतके तपशीलवार आहे की या पोथीचा कुळगोत्रासह पत्ता लागतो. वॉलिस बज यांनी 1899 मध्ये छापलेल्या मरियेच्या सिरियाक इतिहासाच्या जातकुळीचे हे पुस्तक होते, आणि त्याचा मूळ झरा शिवाजीनगरच्या सणामागच्या त्याच याकोबाच्या ग्रंथापर्यंत जातो. मेनेझिस यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये मात्र आन्नाची भक्ती जोरात होती. गोव्यात तळावलीचे सांता आनाचे भव्य चर्च सतराव्या शतकात उभे राहिले, आणि तिथला तवशांचा सण आजही जुलैत भरतो. मूल हवे असलेली जोडपी तिथे आन्नाला तवशी वाहतात, कारण उतारवयात कूस उजवलेली स्त्री म्हणून ती ओळखली जाते, आणि ही ओळख तिला बहिष्कृत ग्रंथानेच दिली. पोथ्यांच्या होळीने केरळच्या इतिहासाचे जे नुकसान केले ते भरून येण्यासारखे नाही. सोळाव्या शतकापूर्वी तिथे काय वाचले जात होते हे जाणण्यासाठी आज अनेकदा जाळणाऱ्यांच्याच यादीचा आधार घ्यावा लागतो.

सगळ्यांत गंभीर आक्षेप तिसरा आहे. ‘खरे काय घडले’ हे बाजूला सारून ‘लोक काय सांगत आले’ एवढेच पाहायचे, तर इतिहासाची सत्याशी असलेली बांधिलकी सुटते, असे इतिहासकार म्हणतील. श्रद्धावान माणूस म्हणेल की ही आमच्या प्रेषिताला नाकारण्याची सभ्य तऱ्हा आहे. याचे उत्तर आपल्या जवळच आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती कशी सिद्ध केली ते मराठी वाचकाला आठवत असेल. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षेपके ओळखली, मूळ पाठातून बाहेर काढली, पण फेकून दिली नाहीत, ती तळटीपांत आणि परिशिष्टांत छापली. गणेशाने महाभारत लिहून घेतल्याची कथाही अशीच परिशिष्टात गेली. ती व्यासांच्या काळाचा पुरावा नाही म्हणून निरुपयोगी ठरत नाही, ती ज्या शतकात शिरली त्या शतकाचा तो पुरावा आहे. प्रत्येक साक्ष तिच्या काळाच्या कप्प्यात ठेवणे हीच सत्याशी बांधिलकी आहे. थोमा आला नाही असेही या पद्धतीने सिद्ध होत नाही. पहिल्या शतकात रोमन जगातली गलबते मलबारला येत होती, त्यामुळे प्रवास अशक्य मुळीच नव्हता. शक्यता आणि घटना यांतले अंतर कल्पनेने भरायचे नाही, एवढाच आग्रह आहे.

हे पथ्य सुटले की काय होते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बार्थोलोम्यू या प्रेषिताच्या हौतात्म्याच्या प्रमाणबाह्य कथेत हिंदुस्थानचा पोलिमियस नावाचा राजा येतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले थोर इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास आणि त्यांच्यामागून ए. सी. पेरुमालिल यांनी हा प्रेषित कोकणात, कल्याणच्या बाजूला आला असे प्रतिपादले. पोलिमियस म्हणजे सातवाहन पुलुमावी ही जुळणी त्यासाठी पुढे आली. नावाचे साम्य मोहात पाडणारे आहे खरे. पण नाशिकच्या लेण्यांतल्या लेखांत ज्याच्या राज्यवर्षांच्या नोंदी आहेत तो वासिष्ठीपुत्र पुलुमावी दुसऱ्या शतकातला. टॉलेमी पैठणच्या ज्या राजाचा उल्लेख करतो तो हाच, आणि टॉलेमी स्वतः दुसऱ्या शतकात लिहीत होता. प्रेषिताची त्याच्याशी गाठ पडायची तर प्रेषिताने शंभरी केव्हाच ओलांडलेली असायला हवी. कल्याणच्या ख्रिस्ती वस्तीचा भरवशाचा पुरावा यापेक्षा साधा आहे. सहाव्या शतकात कोस्मास नावाचा व्यापारी लिहितो की कल्लियाना इथे इराणहून नेमलेला बिशप आहे. पुढे 1321 च्या सुमारास ठाण्याला मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन साधूंच्या वृत्तान्तात प्रवासी ओदोरिक तिथल्या पंधरा नेस्तोरियन घरांचा उल्लेख करतो. म्हणजे इराणच्या चर्चशी आणि सिरियाक भाषेशी बांधलेली माणसे उत्तर कोकणात शतकानुशतके राहत होती. ‘थोमाची कृत्ये’ आणि मरियेचा इतिहास ज्या भाषेत वाचले जात तीच त्यांच्या उपासनेची भाषा. केरळात 1599 साली सापडलेल्या पोथ्या ज्या समुद्रवाटेने आल्या, तिच्यावरचे कल्याण हे एक जुने बंदर होते.