लग्नाची सीडी

आमच्या भागात लग्नाचं साल कुणी आकड्यानं सांगत नाही. बहात्तरच्या दुष्काळातलं लग्न, किल्लारीचा भूकंप झाला त्या सालचं लग्न, परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या सालचं लग्न, असं सांगतात. आता त्यात आणखी एक मोजमाप आलंय. नुसत्या फोटोचं लग्न, कॅसेटीचं लग्न, सीडीचं लग्न आणि पेनड्राईव्हचं लग्न. यातल्या सीडीच्या लग्नांचे लई हाल झाले. ती लग्नं झाली, नांदली, लेकरंबाळं झाली. पण त्यांची पाठवणी आजही कुणाला पडद्यावर नीट बघायला मिळत नाही. असं का झालं, ते मी बरीच वर्षं बघत आलोय.

आधी कॅसेटीचं सांगतो. 1982च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आपल्याकडं दिसू लागले. 1987 साली रामायण सुरू झालं तेव्हा आमच्या अख्ख्या गावात एकच टीव्ही होता, आणि त्याच्यापुढं चपला काढून माणसं बसायची. त्याच काळात तालुक्याहून व्हिडिओ भाड्यानं यायचा. रात्रभर तीन पिक्चर, वर्गणी काढून. मग लग्नातही शूटिंगवाला दिसू लागला. खांद्यावर कॅमेरा, मागं एक पोरगं हॅलोजनचा दिवा धरून, आणि त्याच्या मागं वायर सांभाळत नवरीचा मामा. दिवा तोंडावर पडला की म्हातारी माणसं डोळे मिटायची, म्हणून त्या काळच्या कॅसेटीत अर्धं वऱ्हाड झोपलेलं दिसतं.

कॅसेटीला पावसाळ्यात बुरशी धरायची. चित्रात मुंग्या यायच्या, पट्टी गुंडाळून बसायची. मग मेकॅनिक यायचा, हेड स्पिरिटनं पुसायचा, पट्टी तुटली तर चिकटपट्टी लावून जोडायचा. पण एक गुण होता त्या कॅसेटीत. मधला हातभर तुकडा गेला तरी पुढचं लग्न चालू राहायचं. सीडीचं तसं नाही. ती एकदा अटकली की अटकली.

व्हिडिओ सीडीचे नियम फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी मिळून 1993 साली ठरवले. आपल्याकडच्या टीव्हीसाठी तिचं चित्र 352 आडव्या आणि 288 उभ्या ठिपक्यांचं. एका सीडीवर 74 मिनिटं, पुढं 80 मिनिटांची कोरी सीडी आली. आमच्या बाजारात स्वस्तातले चिनी प्लेअर आले ते नव्या शतकाच्या पहिल्या चार-पाच वर्षांत. सोयाबीनची पट्टी हातात पडली की माणूस प्लेअर घेऊनच गावाकडं यायचा. मोसरबेअर नावाची आपल्याच देशातली कंपनी कोऱ्या सीड्या करून जगभर विकायची. 2007च्या सुमारास तिनं पिक्चरची सीडी 28 रुपयांत आणि डीव्हीडी 34 रुपयांत आणली, तेव्हा भाड्याच्या धंद्याचं कंबरडंच मोडलं. पुढं मोबाईल आला आणि त्या कंपनीचंही दिवाळं निघालं.

माझ्या मोठ्या लेकीचं लग्न 2004च्या मे महिन्यातलं. शूटिंगवाल्यानं तीन सीड्या दिल्या. पहिलीत हळद आणि घाणा, दुसरीत लग्न, तिसरीत पंगती आणि पाठवणी. प्रत्येकीवर नवरा-नवरीच्या फोटोचा गोल कागद चिकटवलेला. पहिल्या सीडीच्या शेवटाला घाणा भरतानाची गाणी होती. जात्याला आंब्याची पानं बांधलेली, बाया गोल बसलेल्या आणि मधी माझी आई. आईचे फोटो घरात चार-पाच आहेत, पण तिचा आवाज तेवढ्या एका ठिकाणीच. ती 2008 साली गेली.

ती सीडी आमच्या प्लेअरवर सदुसष्टाव्या मिनिटाला थांबायची. आधी चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, मग आवाज कट-कट करायचा, मग निळा पडदा. आई तोंड उघडती न उघडती तेवढ्यात हे व्हायचं. शूटिंगवाला म्हणला, "मामा, सीडी चांगलीय, तुमचा प्लेअर गेला." प्लेअरचा मेकॅनिक म्हणला, "काका, प्लेअर ठणठणीत हाय, सीडीच बोगस हाय." दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत होते, ही गंमत मला मागून कळली.

गावात तेव्हा इलाजांची कमी नव्हती. कुणी म्हणलं टूथपेस्ट लावा, कुणी केळाची साल घासा, एकानं तर सीडी फ्रिजमधी ठेवायला सांगितली. टूथपेस्टनं बारीक ओरखडा कधी कधी निघतोही, कारण चकाकत्या बाजूला वर जाड प्लास्टिक असतं आणि ओरखडा त्या प्लास्टिकवरच असतो. पण लोक लेबलाची बाजू बिनधास्त वापरतात, तिच्यावर पेनानं लिहितात, ती घासतात. खरा जीव तर तिकडंच असतो. चांदीसारखा थर लेबलाच्या लगेच खाली, वरून नुसता वार्निशासारखा पातळ लेप. आमच्या शेजारच्या घरी तो फोटोचा कागद नखानं सोलून काढला, तर कागदाबरोबर चांदीही निघून आली. आणि हातात राहिली काचेसारखी आरपार चकती. त्या लग्नाचं तेवढंच उरलं.

मी मात्र आधी रोग कुठं आहे ते शोधायचं ठरवलं. बैल लंगडायला लागला की आपण आधी खूर बघतो, मग सांधा. दुसरी एक पूर्ण भरलेली सीडी आमच्या प्लेअरवर लावली, ती शेवटापर्यंत चालली. म्हंजे प्लेअर अगदीच मेलेला नव्हता. मग आमची सीडी चुलत भावाच्या प्लेअरवर लावली, ती एकाहत्तराव्या मिनिटाला थांबली. म्हंजे सीडी पूर्ण कोरीही नव्हती. एक यंत्र चार मिनिटं जास्त वाचतंय, तर आणखी चांगलं यंत्र आणखी जास्त वाचेल, एवढं गणित दहावी शिकलेल्या माणसाला येतं.

हे शेवटालाच का होतं, ते मला हिंगोलीच्या एका कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोरानं समजावलं. सीडी आतून बाहेर वाचली जाते. खळ्यात मेढीभोवती बैलांची पात फिरते तसं समजा. मेढीजवळून सुरुवात, आणि गोल गोल फिरत कडेपर्यंत. हे एकच लांब तास असतं, सरळ केलं तर पाच किलोमीटरच्या वर भरेल. आत वाचताना चकती मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घेते, कडेला आली की दोनशेच्या आसपास. आता चकती थोडी जरी वाकलेली असली तर हेलकावा कडेला जास्त. आपलं बोट लागतं तेही कडेला. उन्हानं, घाणीनं, चिकटवलेल्या कागदानं जो बिघाड व्हायचा तो कडेलाच जास्त जाणवतो.

त्यात घरी भरलेली सीडी आणि कंपनीतून छापून आलेली सीडी यांत फरक आहे. छापलेलीत खड्डे ठोकलेले असतात. भरलेलीत खड्डे नसतातच, रंगाचा थर असतो आणि लेसरनं त्यावर डाग पाडतात. रंग म्हणला की तो उन्हानं विटणारच. शिवाय व्हिडिओ सीडीत जास्त चित्र मावावं म्हणून चूक सुधारायची जी जादा सोय साध्या कॉम्प्युटरच्या सीडीत असते, ती काढून टाकलेली असते. पोत्यात जास्त माल भरायचा म्हणून शिलाईच कमी घातली, असलं काम.

आणि मग आमचे शूटिंगवाले. सीझनमधी एका दिवशी तीन-तीन लग्नं, लाईटीचं लोडशेडिंग, मधीच वीज गेली की भरत असलेली सीडी वाया. म्हणून जो तो सगळ्यात जास्त स्पीडवर भरून मोकळा व्हायचा. हळू भरली तर डाग नीट पडतात, पण हळू भरायला वीज कुठं होती? वर एक सीडी वाचवायची म्हणून साठ मिनिटांवर न थांबता एकोणऐंशी मिनिटं, पार कडेपर्यंत दाबून भरायची. लग्नाचा शेवट कडेला आणि कडच वाचायला अवघड. म्हणून आमच्या पंचक्रोशीत पाठवणीच्या सीड्या रडत्या. त्या माणसांना मी दोष देत नाही, लोकच म्हणायचे तीनच्या दोन सीड्या कर, पैसे कमी घे.

डीव्हीडी आल्यावर 4.7 जीबी जागा झाली, अख्खं लग्न एकीत बसायला लागलं. तिचा थर दोन प्लास्टिकांच्या मधी असतो म्हणून ती जरा टिकाऊ. पण तिच्यातही वजा आणि अधिक अशा दोन जाती, आणि जुने प्लेअर एक घेत तर दुसरी थुंकत. तो वेगळा तमाशा.

आमची सीडी 2011 साली माझ्या पुतण्यानं त्या पोराच्या दुकानात नेली. आधी मऊ सुती कापडानं मधून कडेकडं सरळ पुसली, गोल नाही. कारण गोल पुसताना ओरखडा पडला तर तो तासाच्या दिशेनंच पडतो आणि सलग मजकूर खातो. कॉम्प्युटरमधी सीडी उघडली की एमपेगएव्ही नावाचं फोल्डर दिसतं, त्यात डॅट नावाची फाईल, तेच लग्न. साधी कॉपी मारली तर ऐंशी टक्क्यांवर एरर. मग त्यानं तीन वेगळे ड्राईव्ह लावून बघितले. नव्याकोऱ्यानं हात टेकले, आणि अडगळीतला एक जुना ड्राईव्ह हळूहळू वाचायला लागला. न वाचता येणारा तुकडा सोडून पुढं सरकायचं असं एक सॉफ्टवेअर त्यानं लावलं. दुपारी दोनला लावलेली सीडी दिवे लागेपर्यंत चालली होती.

सगळं निघालं, चाळीस सेकंदं सोडून. घाण्याच्या गाण्यात घरच्या माणसांची नावं गुंफतात. आई एकेक नाव घेत जाते, माझं घेते, भावाचं घेते, आणि जिथं माझ्या वडलांचं नाव यायचं तिथंच आवाज फाटतो. वडील तेव्हा हयात नव्हते. तिनं त्यांचं नाव कसं घेतलं, थांबून घेतलं का सरळ घेतलं, ते त्या चाळीस सेकंदांत गेलं. माझ्या बहिणीला ती ओळ पाठ आहे, ती म्हणूनही दाखवते, पण आवाज तिचा.

पुण्याकडं गी पॉइटवाँ आणि हेमा राइरकर यांनी गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. त्या आता पी. साईनाथांच्या 'पारी' या ठिकाणी ऐकायला मिळतात. आमच्या परभणी भागातल्या बायांचाही आवाज त्यात आहे. तसलं कुणी आमच्या गावात आलं नाही. आमच्या बायांची गाणी त्या शूटिंगवाल्यांच्या सीड्यांतच आहेत, तीही त्याला कळलं म्हणून नाही, कॅमेरा चालू राहिला म्हणून.

आता गावात जुन्या सीड्या हळदीच्या आणि ज्वारीच्या रानात दोरीला टांगलेल्या दिसतात, पाखरं हाकलायला. ऊन पडलं की लांबून चमकतात. मी बांधानं जाताना हात लावून बघतो. छापलेल्या पिक्चरची असली तर राहू देतो. पाठीवर नवरा-नवरीचा कागद असला तर मालकाला विचारून सोडवून घेतो. अशा तेवीस आल्या. चौदा पूर्ण निघाल्या, पाच अर्ध्यामुर्ध्या, चार गेल्या. त्या चौदातली एक माळावरच्या म्हातारीच्या धाकट्या पोराची होती. पोरगा नंतर पुण्याला कामावर असताना गेला. तिला मोबाईलवर दाखवली तर तिनं पाठवणीपर्यंत बघितली, आणि मग म्हणाली, "बाप्पा, मागं घ्या. हळदीत त्यो हसला व्हता."